कृपया प्रसिद्धीसाठी

शहाण्या माणसाने जनसंपर्काच्या व्यवसायात पडू नये, असं या व्यवसायातून बाहेर पडलेले सगळे शहाणे सांगतात. त्यामुळे इथे जागा कायम रिकाम्या असतात. पदवीचा निकाल हातात घेऊन ‘आता पुढे काय’ म्हणून बसलेल्या मुलामुलींनी एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी पुरे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लाखो बसतात आणि जागा निघाल्या तर निघाल्या. आमच्याकडे दर सोमवारी कोणीतरी राजीनामा देतं.

शिवाय प्रवेशाला अट नाही. वकिलाला सनद लागते, सीएला त्या जीवघेण्या परीक्षा, केमिस्टच्या दुकानातही भिंतीवर फार्मासिस्टचं नोंदणीपत्र टांगावं लागतं. कोट्यवधींच्या कंपनीची अब्रू सांभाळायला मात्र काहीच लागत नाही. ज्याला या धंद्याचा जनक म्हणतात, तो एडवर्ड बर्नेज शेतकी पदवीधर होता. १९१२ साली कॉर्नेल विद्यापीठातून त्याने ती पदवी घेतली आणि शेतीचं कल्याण म्हणून तिच्यापासून लांब राहिला. उतारवयात त्याने एक भलतंच मनावर घेतलं, की डॉक्टर-वकिलांप्रमाणे जनसंपर्कवाल्यांनाही सरकारी परवाना असावा. १०३ वर्षं जगला, पुष्कळ वर्षं तेच सांगत राहिला, कोणी ऐकलं नाही. लोकांच्या डोक्यात वाटेल ते भरवता येतं असं ज्याने सिद्ध केलं, त्याला स्वतःच्याच व्यवसायाच्या डोक्यात एक परवाना भरवता आला नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांनी याबद्दल त्या व्यवसायाचे आभार मानायला हवेत.

या बर्नेजची गोष्ट प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि ती शिकवावीच. गडी सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. मामाने माणसाच्या मनाचे तळ शोधले ते रोग्यांना बरं वाटावं म्हणून. भाच्याने तिथे गिऱ्हाईक शोधलं. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी ठरल्या वेळी, छायाचित्रकारांच्या समोर, सिगारेटी पेटवल्या. बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं तेव्हा निषिद्ध होतं. या सिगारेटी नव्हेत, स्वातंत्र्याच्या मशाली आहेत, असं वर्तमानपत्रांना सांगण्यात आलं. मशालींचा खर्च अमेरिकन टोबॅको कंपनीने केला होता, हे सांगण्यात आलं नाही. पाच वर्षांनी त्याच कंपनीच्या ‘लकी स्ट्राइक’चं हिरवं पाकीट बायकांच्या कपड्यांना शोभत नाही असं आढळलं. पाकिटाचा रंग बदला, असं कोणी साध्या डोक्याचा सांगेल. कंपनीने त्या पाकिटावर आधीच पैसा ओतलेला होता. तेव्हा बर्नेजने हिरवा रंगच फॅशनमध्ये आणायचं ठरवलं, आणि वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात उच्चभ्रूंचा ‘ग्रीन बॉल’ नावाचा नाचाचा सोहळा घडवून आणला. क्लायंट बदलत नसेल तर जग बदलायचं. आमच्या व्यवसायाची सगळी नीती त्या एका पाकिटात आहे. हाच बर्नेज घरी मात्र बायकोची सिगारेट सुटावी म्हणून धडपडत असे. घर हा काही क्लायंट नव्हे.

दुसरे आद्यपुरुष आयव्ही ली. हे मूळचे बातमीदार, म्हणजे पगाराला कंटाळलेले. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात गेली, पन्नासावर माणसं दगावली. अपघात झाला की तो लपवायचा, ही तोवरची रेल्वेची रीत. लीने उलट बातमीदारांना बोलावून घेतलं आणि कंपनीच्या शब्दांत लिहिलेलं निवेदन त्यांच्या हातात ठेवलं. प्रसिद्धिपत्रकाचा जन्म असा झाला. अपघातातून झाला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर या प्रकारात फारशी सुधारणा झालेली नाही. पुढे रॉकफेलरच्या कोळशाच्या खाणीवर संपकऱ्यांची बायकामुलं मारली गेली, तेव्हाही मालकाची बाजू लोकांना समजावून द्यायला लीच होता. लोक त्याला ‘पॉयझन आयव्ही’ म्हणू लागले. व्यवसायात नाव होतं ते असं.

आपल्याकडेही हा व्यवसाय जुना आणि प्रतिष्ठित आहे. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन आहे, आणि त्या दिवसाचं प्रसिद्धिपत्रकही निघतं. शिक्षणाची सोय उत्तम. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट आहे, पुण्यात सिम्बायोसिस आहे, आणि मास मीडियाची पदवी देणारी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. तिथे ग्रुनिग आणि हंट यांनी १९८४ साली मांडलेली जनसंपर्काची चार प्रारूपं शिकवतात. त्यांतलं चौथं सर्वांत उदात्त, त्यात दोन्ही बाजूंनी समतोल संवाद होतो. नोकरीला लागल्यावर याचा प्रत्यय पहिल्याच संध्याकाळी येतो. तुम्ही बातमीदाराला फोन करता, तो उचलून ठेवतो. दोन्ही बाजू सहभागी असतात.

मुलाखतीची धास्ती घेऊ नका. ‘जनसंपर्कच का?’ असं विचारतील. ‘मला लोकांशी बोलायला आवडतं’ असं सांगा. गेली कित्येक वर्षं प्रत्येक उमेदवाराने हेच उत्तर दिलेलं आहे आणि प्रत्येकाला घेतलेलं आहे. लोकांना तुमच्याशी बोलायला आवडतं का, हे कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर व्यवसाय केव्हाच बंद पडला असता.

पहिली पायरी अकाउंट एक्झिक्युटिव्ह. बँकेत गेल्यावर हे पद सांगू नका, गैरसमज होतो. काम सकाळी सातला सुरू होतं. बारा-पंधरा वर्तमानपत्रं चाळून क्लायंटचं नाव शोधायचं. पूर्वी याला कात्री आणि गोंद लागत असे, हात चिकट होत, पण काहीतरी केल्यासारखं वाटे. आता पीडीएफ येते. नाव सापडलं की नऊच्या आत मेल गेला पाहिजे. नाव सापडलं नाही तर प्रतिस्पर्ध्याचंही सापडलेलं नाही, असा मेल गेला पाहिजे.

मग त्या बातमीची किंमत काढायची. हे आमच्याकडचं गणित मला फार प्रिय आहे. बातमीने पानावर किती चौरस सेंटीमीटर जागा व्यापली ते मोजायचं, त्या पानाच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. म्हणजे एवढ्या जागेला जाहिरात दिली असती तर एवढे लाख लागले असते, ते आम्ही वाचवले. मग त्याला तिनाने गुणायचं, कारण लोक जाहिरातीपेक्षा बातमीवर जास्त विश्वास ठेवतात. तिप्पटच का, असं विचारणारा एक मुलगा माझ्या हाताखाली होता. हुशार होता, टिकला नाही. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या जाणत्यांची परिषद भरली आणि जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे, असं तिने जाहीर केलं. बार्सिलोनाहून लोअर परळला यायला विमानाने दिवसही लागत नाही, पण हा ठराव बहुधा बोटीने निघाला असावा. आणि आला नाही तेच बरं. आमच्या एका क्लायंटच्या गोदामाला आग लागली त्या महिन्यात पहिल्या पानावरचे इतके सेंटीमीटर जमले, की अहवालातला आकडा वर्षातला सर्वांत मोठा निघाला. क्लायंटच्या मार्केटिंग प्रमुखाने तो आकडा पाहून समाधानाने मान हलवली. खाली काय छापलंय ते वाचायला त्यांना वेळ नव्हता.

दुपारनंतर फॉलोअप. प्रसिद्धिपत्रक मेलवर गेलेलं असतं, व्हॉट्सअॅपवर गेलेलं असतं, तरी फोन करून ‘सर, मेल मिळाला का?’ हे विचारायचंच असतं. चार ते आठ ही वेळ चांगली, कारण तेव्हा सगळे बातमीदार हमखास जागेवर असतात. ते तेव्हा पान लावण्याच्या घाईत असतात ही गोष्ट वेगळी. इंग्रजी पत्रांत सर-मॅडम चालतं. मराठीत जरा जवळीक दाखवावी, जिल्ह्याच्या आवृत्तीला ‘दादा’ म्हणावं. ‘दादा, छोटीशी घ्या ना, सिंगल कॉलम तरी.’ मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, दोन पदव्या आणि उत्तम इंग्रजी असलेल्या मुली हे वाक्य दिवसातून तीस वेळा, दर वेळी पहिल्यांदा बोलल्यासारखं बोलताना ऐकल्या आहेत. व्यावसायिक रंगभूमीवर दुसरा प्रयोग असतो तेव्हा नटांची कुरकुर चालू होते.

फोन करायचे ते मीडिया लिस्टवरून. प्रत्येक एजन्सीची ही यादी म्हणजे तिची पुंजी, ती जिवापलीकडे जपतात आणि म्हणूनच कोणी तिच्यात बदल करत नाही. यादीतल्या निम्म्या लोकांनी पत्र बदललेलं असतं, काहींनी शेती घेतलेली असते, काही स्वतःच जनसंपर्कात आलेले असतात आणि समोरच्या टेबलावरून तुम्हाला सांगतात की माझं नाव काढ त्यातून. एक ज्येष्ठ अर्थविषयक पत्रकार वारल्यावरही आमची निमंत्रणं त्यांच्या पत्त्यावर जात राहिली. शेवटी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. त्यांना निमंत्रणाबद्दल तक्रार नव्हती, सोबत येणारी डायरी या वर्षी का नाही आली, एवढंच विचारायचं होतं.

पत्रकार परिषदेचा मोह क्लायंटला आवरत नाही, आणि आपण तो आवरू देऊ नये. ती पंचतारांकित हॉटेलात अकराला ठेवायची म्हणजे बाराला सुरू होते. दर परिषदेला एक गृहस्थ येतात. कोणत्या पत्राचे ते यादीत नसतं, ते स्वतः एका साप्ताहिकाचं नाव सांगतात, ते साप्ताहिक कोणी पाहिलेलं नसतं. ते पहिल्या रांगेत बसतात, सर्वांत लांब प्रश्न विचारतात, उत्तर पूर्ण ऐकतात आणि शेवटपर्यंत जेवतात. क्लायंटला सगळ्या उपस्थितांत तेच आवडतात. ‘ते सिनियर पत्रकार कोण हो? फार अभ्यासू वाटले.’ मी नेहमी सांगतो, संबंध जुने आहेत. खरंच जुने आहेत.

पण या नोकरीचं खरं वैभव प्रसिद्धिपत्रकातल्या अवतरणचिन्हांत आहे. कंपनीचा अध्यक्ष असं म्हणाला, तसं म्हणाला, हे जे तुम्ही सकाळी चहाबरोबर वाचता, ते आदल्या दुपारी बावीस वर्षांच्या कोणा मुलीने बोरिवली लोकलमध्ये उभ्याने फोनवर टाइप केलेलं असतं. अध्यक्षांना आनंद होत आहे, हे तिने ठरवलं. ग्राहक हाच त्यांच्या केंद्रस्थानी आहे, हेही तिनेच. मग ते वाक्य कायदा विभागाकडे जातं, ते ‘आनंद’ काढून ‘समाधान’ घालतात, आनंदातून उद्या दावा उभा राहू शकतो. तिथून सिंगापूर. सिंगापूरहून समाधान जाऊन पुन्हा आनंद येतो. शेवटी ते अध्यक्षांकडे पोचतं आणि ते न वाचता ‘ओके’ म्हणतात. रामदास पाध्यांचा अर्धवटराव बोलतो तेव्हा मागे कोण बोलतंय हे पोराटोरांनाही ठाऊक असतं आणि टाळ्या पाध्यांना मिळतात. आमच्याकडे बाहुल्याला बंगला आणि मोटार आहे, आवाजाला रेल्वेचा पास. अर्धवटरावाने मात्र निदान कधी ‘माझ्या तोंडी हे असलं काय घातलंत?’ असा मेल रात्री साडेअकराला पाठवलेला नाही.

प्रत्येक प्रसिद्धिपत्रकाच्या शेवटी कंपनीची ओळख असते आणि तिच्यात कंपनी अग्रगण्य असते. एकाच इमारतीत चार मजल्यांवर चार अग्रगण्य कंपन्या, चारही एकाच क्षेत्रातल्या, आणि चौघींचं काम आमच्याकडे होतं तेव्हा मी चारही ओळखी स्वतः लिहिल्या आहेत. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. गण्य सगळेच असतात, अग्र कुठून धरायचं एवढाच प्रश्न असतो. हल्ली हे लिखाण संगणक चार सेकंदांत करून देतो, आणि त्याच्याही मते सगळे अग्रगण्यच आहेत. लिहिण्याची कटकट गेल्यामुळे तरुणांना ‘दादा, छोटीशी घ्या ना’साठी जास्त वेळ मिळू लागला आहे.

नीतीबद्दल काही पालक विचारतात. त्यांनी निश्चिंत असावं. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा एवढा बोभाटा झाला की प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. आमचा त्या प्रकाराला कडक विरोध आहे. पैसे देऊनच बातमी छापून आणायची, तर मग आमची फी कोण देणार?

संकटाचे दिवस म्हणजे या व्यवसायातला सुगीचा काळ. २००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला, कंपनी म्हणाली की दुकानदार नीट साठवत नाहीत. मग ‘प्रोजेक्ट विश्वास’ आला, नव्या वर्षात जाड वेष्टन आलं, आणि पाठोपाठ अमिताभ बच्चन आले. आजही कुठल्याही अभ्यासक्रमात हे प्रकरण आदर्श म्हणून शिकवतात. ग्रुनिग, हंट आणि बार्सिलोना यांनी मिळून भारतीय जनसंपर्काला जेवढं दिलं नसेल तेवढं त्या अळीने दिलं, पण तिच्या नावाने एखादा पुरस्कार ठेवावा असं अजून कोणाला सुचलेलं नाही. २०१५ च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली, त्याआधीचे काही दिवस कंपनी जवळपास गप्पच होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली, नोव्हेंबरात मॅगी दुकानात परत आली आणि लोकांनी लग्नातली पंगत बसावी तशी ती घेतली. कंपनीने बोलायला हवं होतं, असं आमच्यातले तज्ज्ञ अजून परिसंवादांत सांगतात. गप्प बसूनही लोक परत आले, हा मुद्दा परिसंवादाला सोयीचा नाही.

तुमच्या वाट्याला एवढं मोठं संकट लगेच येणार नाही. सुरुवातीला येतं ते म्हणजे रविवारी दुपारी क्लायंटच्या मालकाला समजतं की आपल्या मुलाच्या लग्नाचा फोटो पेज थ्रीवर आला, पण व्याह्यांचा मोठा आला. त्यासाठी जेवणावरून उठावं लागतं. उठा. मोठ्या संकटांची सवय अशीच लागते.

घरच्यांना तुम्ही काय करता ते कधीच कळणार नाही, ही मनाची तयारी ठेवा. लग्नात आत्या विचारते, ‘म्हणजे जाहिरातीत आहेस का रे?’ नाही म्हटलं तर ‘मग पेपरात?’ तेही नाही. ‘मग तुझं नाव कुठे येतं?’ कुठेच येत नाही, आणि आलं तर नोकरी जाते, हे आत्याला सांगण्यात अर्थ नसतो. तिच्या वाड्यातल्या पोराचं नाव चौकातल्या फ्लेक्सवर चार फुटी अक्षरांत आहे, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, भावी नगरसेवक, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. त्याने झेवियर पाहिलेलं नाही, ग्रुनिग ऐकलेला नाही, कुणा बातमीदाराला दादा म्हटलेलं नाही. एका रात्रीत, महापालिकेच्या परवानगीशिवाय, त्याने तो फ्लेक्स लावला आणि पंचवीस घरं बांधून घेतली. मी त्या पोराला नोकरी देऊ केली होती. त्याने पगार विचारला आणि मला चहा पाजून वाटेला लावलं.

म्हणून सांगतो, चिकाटी धरा. दोन वर्षांनी सिनियर अकाउंट एक्झिक्युटिव्ह व्हाल, काम तेच राहील आणि पदाचं नाव कार्डावर दोन ओळींत जाईल. मग मॅनेजर, म्हणजे फॉलोअप करणाऱ्यांचा फॉलोअप. मधल्या काळात केस पांढरे होतील, त्याने क्लायंटवर वजन पडतं. आठ-दहा वर्षं काढलीत तर एक दिवस एखादा क्लायंटच तुम्हाला उचलेल आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशन्सचा प्रमुख करून पलीकडच्या बाजूला बसवेल. तिथे एसी चांगला असतो आणि सातची वर्तमानपत्रं दुसरं कोणीतरी वाचतं. पहिल्या दिवशी फार काही करायचं नसतं. जुन्या एजन्सीचा महिन्याचा अहवाल मागवायचा, तिनाने गुणलेला आकडा पाहायचा, आणि रात्री साडेअकराला मेल टाकायचा की कव्हरेज फार कमी दिसतंय, उद्या सकाळी नऊला कॉलवर या.